घाटापासून दर्यापर्यंत : चार मुक्काम गोव्याचे



मुक्काम म्हणजे काय असतो, हे लोणी काळभोरच्या माणसाला कोणी शिकवायला नको. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी पुणे सोडून निघाली की आपल्या गावी मुक्कामाला येते. राहुट्या पडतात, चुली पेटतात, रात्रभर टाळ-मृदंग चालतो आणि पहाटे पालखी यवतची वाट धरते. हजारो माणसांना जागा, पाणी आणि भाकरी देणारे हे गाव. पण याच गावातल्या एखाद्या माउलीला विचारा, "आक्का, तुम्ही स्वतः चार दिवस कुठे मुक्कामाला गेला होता का?" उत्तर ठरलेले असते. लग्नाला गेले, देवाला गेले, नाहीतर दवाखान्यात कुणाजवळ बसायला गेले. नुसते बघायला म्हणून कुठे गेले नाही.

कारणेही खरीच असतात. दावणीला दुभती जनावरे आहेत. पाटाचे आवर्तन कधी सुटेल त्याचा नेम नाही. कोथिंबीर, मेथी काढणीला आली की मांजरी-हडपसरच्या बाजाराला उशीर चालत नाही. म्हणून जाणे पुढे ढकलले जाते, आणि ढकलता ढकलता माणसाची साठी येते. मी शेती खात्याच्या विस्तारकामात पुष्कळ वर्षे काढली आहेत. शेतकऱ्यांच्या सहली नेल्या, प्रदर्शने दाखवली. त्यावरून एक गोष्ट सांगतो. शेतकरी कुटुंबाने दुसऱ्याचा मुलूख पाहणे ही चैन नाही. आपल्या रानात जे रोज दिसते ते दुसऱ्याच्या रानात वेगळे झालेले दिसले, की डोके चालायला लागते. दहा व्याख्यानांनी जे होत नाही ते एका बांधावर उभे राहून होते.

म्हणून आज तुम्हाला गोव्याला नेतो. गोवा म्हटले की तरुण पोरांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते आणि घरातल्या बायकांच्या कपाळाला आठी पडते. ते बाजूला ठेवा. आपण गोवा बघू तो शेतकऱ्याच्या नजरेने, आणि घरच्या सगळ्या माणसांबरोबर.

आधी घरची सोय

गोव्याची वाट सांगण्यापूर्वी घरची व्यवस्था सांगतो, कारण खरी अडचण तिथे आहे. आपल्याकडे सावड होती. आज माझ्या रानात तुम्ही, उद्या तुमच्या रानात मी. मजुरी पैशात आली आणि सावड मागे पडली. प्रवासासाठी ती पुन्हा उभी करावी. चार घरांनी ठरवावे. दोन घरे पाच-सहा दिवस जातील, उरलेली दोन त्यांच्या गोठ्यातली धार काढतील, पाणी धरतील, म्हाताऱ्या-कोताऱ्यांकडे लक्ष देतील. पुढच्या खेपेला अदलाबदल. ज्या घरांनी हे केले त्यांचे अडले नाही. दूध थोडे कमी झाले असेल, पण गाय काही आटली नाही.

वेळ निवडताना पिकाचे आणि खिशाचे दोन्ही गणित बघावे. गव्हा-हरभऱ्याच्या पेरण्या उरकल्यावर डिसेंबरचा पहिला पंधरवडा, नाहीतर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ बरा. नाताळ ते नववर्ष हे दिवस टाळावेत. तेव्हा गोव्यात गर्दी मावत नाही आणि खोलीचे भाडे आपल्या आवाक्याबाहेर जाते.

वाट अशी. रस्त्याने पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव करत अनमोड घाटाने मोलेला उतरता येते. दुसरी वाट आंबोली घाटाने सावंतवाडी, बांदा अशी आहे. दोन्ही वाटांनी सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटरचा पल्ला पडतो. घाट चालू आहे का, याची चौकशी निघण्यापूर्वी करावी. रेल्वेने जायचे तर आपल्या लोणी स्थानकावरून पुणे गाठावे. तिथून गोवा एक्सप्रेस मिरज, बेळगाव, लोंढा या मार्गाने घाट उतरून वास्कोला जाते. गाडी स्वतःची करायची असेल तर प्रवासी परवाना असलेलीच करा. भाजीच्या पिकअपमध्ये सतरंजी टाकून माणसे न्यायची सवय आपल्याकडे आहे. घाटातल्या उतारावर तिच्यामुळे घरेच्या घरे बसली आहेत. ते करू नका.

आता गोव्याचा आकार ध्यानात घ्या. सारे गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचे. आपल्या एका पुणे जिल्ह्यात अशी चार गोवा राज्ये बसतील. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीजांच्या साडेचारशे वर्षांच्या राज्यातून हा मुलूख मुक्त झाला आणि ३० मे १९८७ रोजी त्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला समुद्र, मध्ये जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरची पट्टी. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्याकडे पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी बरे वर्ष म्हणतो. हे सारे पाणी घाटावरून निघून एवढ्याशा पट्टीतून समुद्राला जाते. त्या पाण्याच्या मागोमाग आपण चार मुक्काम करत जाऊ. म्हणजे गोवा नुसता दिसणार नाही, कळेल.

पहिला मुक्काम : मोले आणि दूधसागर

अनमोड घाट उतरला की मोले. इथे भगवान महावीर अभयारण्य आहे, २४० चौरस किलोमीटरचे. उंच झाडे, सावलीत कायम ओल, आणि पावलागणिक ओढे. आपल्या डोंगरांवर पाऊस पडला की तासाभरात माती घेऊन खाली येतो. इथे झाडोरा दाट असल्यामुळे पाणी मुरते आणि फेब्रुवारीतही ओढे वाहताना दिसतात. मुलांना हे मुद्दाम दाखवावे. पाणलोटाचा धडा शाळेत तोंडपाठ होतो, इथे तो पायाखाली ओला लागतो.

जवळच कुळे गाव आहे. तिथून ठरलेल्या जीपगाड्या जंगलातून दूधसागर धबधब्यापाशी नेतात. धबधबा तीनशे मीटरहून उंच आहे. पाणी टप्प्याटप्प्याने उतरते आणि मधून आगगाडी जाते. हा लोहमार्ग पोर्तुगीजांच्या काळात, १८८० नंतरच्या दशकात बांधला गेला. पावसाळ्यात जीपगाड्या बंद असतात. हिवाळ्यात पाणी कमी पण वाट सुखाची. रुळांवरून चालत धबधब्याला जाण्याचा मोह पुष्कळांना होतो. रेल्वेने त्याला बंदी केली आहे आणि ती योग्यच आहे. बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायला जागा नसते.

मोलेपासून जवळ तांबडी सुर्ला येथे महादेवाचे मंदिर आहे. कदंब राजांच्या काळातले, आठशे वर्षांच्या आसपासचे. सारे काम काळ्या दगडाचे. गोव्यात आजूबाजूला बघावे तर तांबडा जांभा, आणि हे मंदिर मात्र आपल्या घाटमाथ्यावरच्या देवळांसारखे काळे. भोवती रान आणि शेजारी ओढा. वडीलधाऱ्यांना इथे निवांत बसू द्यावे. फार घाई करू नये.

राहण्यासाठी वनखात्याच्या व पर्यटन महामंडळाच्या खोल्या या भागात आहेत. बोंडला हे आठ चौरस किलोमीटरचे छोटे अभयारण्यही याच बाजूला आहे. तिथे प्राणिसंग्रहालय असल्यामुळे मुले रमतात. ते गुरुवारी बंद असते.

दुसरा मुक्काम : फोंड्याची देवळे आणि कुळागर

मोलेहून खाली आलो की फोंडा तालुका. मंगेशी, म्हार्दोळची म्हालसा, कवळेची शांतादुर्गा, रामनाथी ही देवळे इथे एकमेकांच्या हाकेवर आहेत. पण यांतली पुष्कळ दैवते मूळची इथली नाहीत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी किनाऱ्याकडच्या तालुक्यांत देवळे पाडायला सुरुवात केली. तेव्हा लोकांनी रातोरात मूर्ती उचलल्या आणि नदी ओलांडून या बाजूला आणल्या, कारण फोंड्यावर तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. मंगेश कुशस्थळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून आली. कवळेचे आजचे देऊळ छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत उभे राहिले. लता मंगेशकरांच्या घराण्याचे नाव ज्या गावावरून पडले ते हेच मंगेशी.

गोव्यातल्या मोठ्या देवळांना लागून अग्रशाळा असतात. अग्रशाळा म्हणजे भक्तांच्या उतरण्याच्या खोल्या. आधी विचारून ठेवले तर कुटुंबाला स्वस्तात आणि सुरक्षित जागा मिळते. देवळाचे नियम मात्र पाळावेत. अंगभर कपडे, आणि आवारात मांस-मद्य नाही.

सकाळी देवदर्शन झाले की कुळागर बघायला निघा. सावईवेरे, केरी या गावांकडे डोंगराच्या घळीत ही बागायत आहे. आपण एका वाफ्यात एक पीक घेतो. इथे एकाच जमिनीवर मजले आहेत. सर्वांत वर माड आणि पोफळी, पोफळीच्या अंगावर चढलेली मिरवेल, खाली जायफळ, त्याखाली केळ, आणि जमिनीलगत अननस, आले, हळद. पाणी डोंगरातल्या झऱ्याचे. ते वरच्या बाजूला अडवून छोट्या पाटांनी झाडाझाडाला फिरवतात. सुपारीचा भाव पडला तर मिरी सावरते, मिरी गेली तर जायफळ हात देते. सगळे डाव एका पत्त्यावर नाहीत. आपल्या उसाच्या सलग रानातून गेलेल्या माणसाला हे पाहून विचार पडतो.

काही बागायतदार पैसे घेऊन बाग दाखवतात आणि केळीच्या पानावर जेवूही घालतात. तिथे बायकांना पुढे करावे. आमच्याबरोबर आलेल्या एका आक्कांनी मिरीचा वेल हातात घेऊन बागवाल्याला विचारले, "दादा, हा आमच्या शेवग्यावर चढंल का?" तो म्हणाला, "चढेल, पण सावली आणि दमट हवा द्याल का त्याला?" प्रश्न आणि उत्तर दोन्ही एखाद्या पदवीधराला शोभतील असे होते.

तिसरा मुक्काम : दिवाडीचे खाजण

फोंड्याहून पणजीच्या वाटेवर जुने गोवे लागते. बॉम जेझूस हे १६०५ साली पूर्ण झालेले चर्च, समोरचे से कॅथेड्रल, आणि आजूबाजूच्या जुन्या वास्तू यांना १९८६ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव बॉम जेझूसमध्ये आहे. शांतपणे, पादत्राणांचा आवाज न करता बघून यावे. जुने गोव्यातच एला या ठिकाणी भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीची संस्था आहे. तिची सुरुवात १९७६ सालची. आधी पत्र पाठवून किंवा फोन करून वेळ घेतली तर शेतकऱ्यांच्या गटाला तिथे जाता येते.

मग नदीवर या. मांडवी ओलांडायला फेरीबोट आहे. पाच-दहा मिनिटांत ती दिवाडी बेटावर सोडते. बेटावर उतरून दोन्ही बाजूंना बघा. रस्ता उंच, आणि भातखाचरे नदीच्या भरतीच्या पाण्याहून खाली! नदीही नुसती गोडी नव्हे. समुद्राची भरती दिवसातून दोनदा आत चढते आणि खारे पाणी घेऊन येते. त्या पाण्याला बांध घालून ही जमीन काढली आहे. तिला खाजण म्हणतात. गोव्यात अशी सुमारे अठरा हजार हेक्टर जमीन आहे.

हे काम चालते कसे ते नीट समजून घ्या. नदीच्या कडेने चिखल आणि जांभ्याचा बांध घातलेला असतो. बांधाच्या बाहेर खारफुटीची झाडे लाटांचा मार अंगावर घेतात. बांधाला ठरावीक ठिकाणी लाकडी दरवाजे असतात, त्यांना मानस म्हणतात. भरतीला बाहेरचे पाणी दाबले की झडप आपोआप मिटते. ओहोटीला आतले पाणी जोर करते तेव्हा ती उघडते आणि पाणी बाहेर जाते. वीज नाही, पंप नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन घ्यायचे, ते पाणी मानसीतून बाहेर काढायचे, आणि मग भात लावायचे. कोरगूट नावाची जुनी भाताची जात इथला खारेपणा सहन करते. एलाच्या संस्थेने खाऱ्या जमिनीसाठी 'गोवा धान' या नावाच्या जातीही काढल्या आहेत. भात निघाले की काही ठिकाणी खारे पाणी आत घेऊन मासळी धरतात. एकाच जमिनीत भात आणि मासळी.

आणि हे कोणी उभे केले? एकट्यादुकट्याने नव्हे. गावच्या गावकरीने, म्हणजे जमीन सामाईक बाळगणाऱ्या ग्रामसंस्थेने. पोर्तुगीजांनी १५२६ साली या गावकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून घेतले. म्हणजे त्यांच्या येण्यापूर्वीच ही व्यवस्था मुरलेली होती. खंडाच्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी व्हायची. खेकड्यांनी बांधाला बीळ पाडले तर त्याच दिवशी ते बुजवायचे. बांध फुटला तर सारे गाव टोपल्या घेऊन धावायचे.

आता मात्र सगळीकडे तसे उरलेले नाही. १९६४ सालच्या कूळकायद्याने कुळांना हक्क मिळाला, ही न्यायाचीच गोष्ट झाली. बांधांची जबाबदारी गावकरीकडून कुळांच्या संघांकडे आली. काही संघ जागे राहिले, काही कागदावरच राहिले. दरम्यान मानसीवरच्या मासळीचा लिलाव भातापेक्षा जास्त पैसा देऊ लागला. ज्याने लिलाव घेतला त्याला खारे पाणी आत यायला हवे असते, ज्याचे भात आहे त्याला ते बाहेर राहायला हवे असते. काही ठिकाणी बांध फुटले ते फुटलेच राहिले. दोन-तीन हंगाम खारे पाणी उभे राहिले की जमीन भाताची राहत नाही, तिथे खारफुटी उगवते. फिरताना अशी खाचरे तुम्हाला दिसतील. एका बाजूला पिकलेले भात कापून झालेले, आणि लागूनच दुसऱ्या बाजूला नुसते पाणी आणि खारफुटी.

बांधावर एक वयस्क शेतकरी भेटला. आमच्यातल्या एकाने विचारले, "बाबा, ज्याच्या शेतापाशी बांध फुटतो त्यानेच तो का बांधत नाही?" म्हातारा हसला. गोव्यात जमिनीच्या उताऱ्याला एक-चौदाचा उतारा म्हणतात, आपल्या सातबाऱ्यासारखा. तो म्हणाला, "पाणी काय एक-चौदा वाचून आत येते? फुटते एकाकडे, बुडतात सगळे."

मंडळी, यासाठी मी तुम्हाला एवढ्या लांब आणले. आपल्या पाटाखालच्या खोलगट रानात काय होते ते आठवा. वर उसाला पाणी मोकळे सुटते, ते झिरपत खालच्या रानात उफाळते. उन्हाळ्यात पांढरी खपली येते, बियाणे उगवत नाही, जमीन चोपण होते. औषध काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, पाणी काढून देणारा चर. पण चर चार जणांच्या रानातून जातो आणि पहिल्याच बांधावर अडतो. "माझ्या रानाला काही झालेले नाही, मी का जागा देऊ?" असे वरचा म्हणतो. खाजणात शत्रू समुद्र आहे आणि आपल्याकडे तो आपल्याच पाटाचे पाणी आहे. पण मीठ तेच, आणि उपायाची अडचणही तीच. जगातही हेच दिसते. हॉलंडमध्ये समुद्र हटवून जमीन केली ती सामाईक पाणीमंडळांच्या जोरावर. केरळात कुट्टनाडची समुद्रसपाटीखालची भातशेती अशीच गावाने मिळून राखली आहे, आणि जागतिक अन्न व शेती संघटनेने २०१३ साली तिला शेतीवारशाचा मान दिला. आपल्या कोकणात खार जमिनीच्या बांधांसाठी सरकारी योजना आहेत, तरी गाव झोपले तर बांध टिकत नाही.

दिवाडीवर आणखी एक गंमत ऐका. ऑगस्टमध्ये इथे बोंदेरा नावाचा उत्सव असतो. पूर्वी दोन वाड्यांत हद्दीवरून मारामाऱ्या होत. पोर्तुगीज अंमलात हद्दीवर निशाणे लावली, तर लोक दगड मारून ती पाडत. आज त्याचीच मिरवणूक होते, निशाणे नाचवतात. बांधाच्या भांडणाचा उत्सव केलेले गाव मी तरी दुसरे पाहिले नाही.

बेटाच्या पलीकडच्या टोकाहून दुसरी फेरीबोट नार्व्याला जाते. तिथे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. हा कदंबांचा देव मूळ दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीजांनी देऊळ मोडल्यावर लिंग नदीपार नार्व्याला आले, आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. तो शिलालेख आजही तिथे आहे. अलीकडे पुन्हा डागडुजी होऊन २०२३ साली देऊळ खुले झाले. शेजारच्या चोडण बेटावर डॉ. सालिम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात सकाळी लवकर गेल्यास खारफुटीत पुष्कळ पक्षी दिसतात.

चौथा मुक्काम : काणकोणचा दर्या

शेवटी समुद्र. उत्तरेकडच्या कळंगुट-बागाच्या गर्दीपेक्षा कुटुंबासाठी दक्षिणेकडचा काणकोण तालुका बरा. पाळोळे, आगोंद, गालजीबाग असे किनारे आहेत. आगोंद आणि गालजीबागला हिवाळ्यात कासवे वाळूत अंडी घालायला येतात. तिथे वनखात्याने कुंपण घातलेले असते. रात्री उजेड आणि गोंगाट करू नये. जवळच खोतीगावचे अभयारण्य आहे.

याच तालुक्यात खोला गावच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर मिरची होते. खोलची मिरची म्हणून तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ही लागवड मुख्यतः बायका करतात. मिरची आपल्या देशात आली ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून. काजू आणि अननसही तसेच अमेरिकेकडून आले. आपल्या ठेच्याचे मूळ या किनाऱ्याला लागते, हे घरी सांगायला हरकत नाही.

आता नीट ऐका, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. दरवर्षी देशावरची माणसे गोव्याच्या समुद्रात बुडतात. विहिरीत, कालव्यात पोहणारा तरुण समजतो, मला पोहता येते. विहिरीचे पाणी जागेवर असते, समुद्राचे पाणी पाय ओढते. वरून शांत दिसणाऱ्या पट्ट्यात आतली ओढ जबर असते. २००८ पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या निशाणांच्या मधल्या भागातच पाण्यात उतरावे. नुसते लाल निशाण असेल तर पाऊलही टाकू नये. अंधार पडल्यावर आणि जून ते सप्टेंबर या काळात पाण्यात जाऊच नये. दारू प्यालेला माणूस पाण्यात उतरू देऊ नये. गोव्यात दारू स्वस्त म्हणून आपली काही मंडळी तिथे गेल्यावर वेगळीच होतात. कुटुंबाच्या सहलीत हा विषय निघण्यापूर्वीच मिटवावा आणि गाडी चालवणाऱ्याकडून तसा शब्द घ्यावा. ओढीत सापडलाच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावे आणि हात वर करून मदत मागावी. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी गुडघाभर पाण्यात, हात धरून उभे राहावे. तेवढ्यातही समुद्र पुरेसा भेटतो.

आमच्याबरोबर आलेल्या सत्तरीच्या आजी नऊवारीचा ओचा वर खोचून लाटेत उभ्या राहिल्या. पायाखालची वाळू सरकली की लहान मुलीसारख्या हसत. मग ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावले आणि सुनेला म्हणाल्या, "अगं, खरंच खारट हाय की!" सत्तर वर्षे ऐकलेली गोष्ट त्या दिवशी त्यांची स्वतःची झाली.

तंबू आणि चूल

तंबूत राहण्याची हौस मुलांना असतेच. पण किनाऱ्यावर किंवा जंगलात आपल्या मनाने तंबू ठोकता येत नाही. परवानगीच्या जागा, वनखात्याच्या खोल्या किंवा यूथ होस्टेल संघटनेची हिवाळ्यातली तंबू-शिबिरे यांची आधी चौकशी करावी.

आपली दुसरी सवय म्हणजे गाडीत सिलिंडर, शेगडी आणि पातेली घ्यायची आणि दिसेल तिथे झाडाखाली पिठले-भात लावायचा. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे. २०१९ साली कायद्यात तशी दुरुस्ती झाली. दंड होतो, सामानही जप्त होते. कारणही समजण्यासारखे आहे. पालखी उठल्यावर आपल्या गावात पत्रावळ्यांचे ढीग कोण उचलतो, ते आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा दशम्या, चटणी, शेंगदाण्याचे कूट, धपाटे बरोबर घ्यावेत. गरम जेवण मुक्कामाच्या जागी किंवा खानावळीत करावे. गोव्याच्या खानावळीत भात-आमटीचे शाकाहारी जेवणही मिळते.

बरोबर एक वही न्यावी. शाळेतल्या मुलाला किंवा मुलीला कारभारी नेमावे. रोजचा खर्च, पाहिलेली पिके, विचारलेले प्रश्न तिने लिहावेत. बी-बियाणे किंवा रोपे आणायची तर संस्थेकडून किंवा परवानाधारक रोपवाटिकेकडूनच आणावीत. रस्त्याकडेला विकत घेतलेल्या रोपाबरोबर रोगही घरी येतो.

आणि परत आल्यावर एक काम करा. गाडीचा शीण उतरला, जनावरांना ओळख पटली, की संध्याकाळी आपल्या रानाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात जा. पाणी कुठे साचते, पांढरे कुठे पडते, आणि ते पाणी काढायचे तर चर कोणाकोणाच्या बांधातून जाईल, ते पायांनी मोजा. ज्या दोन घरांनी तुमच्या मागे तुमच्या गायी सांभाळल्या, त्यांच्यापासूनच बोलणे सुरू करा. चार दिवस एकमेकांवर गोठा सोपवता आला, तर हातभर रुंदीच्या चराची गोष्ट जुळायला अवघड नाही.